जास्वंदीवरचा पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग

जास्वंद हे मराठी घरातलं हक्काचं झाड. अंगण नसलं तरी गॅलरीत एखादी कुंडी असतेच, आणि रोज सकाळी गणपतीला एक लाल फूल मिळावं एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. पण होळी सरून ऊन तापायला लागलं की तक्रारी सुरू होतात. कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. पानं आकसून त्यांचा गुच्छ होतो. कळ्या धरतात, पण उमलायच्या आतच गळून पडतात. कोणीतरी एखादं औषध सुचवतं. ते फवारल्यावर चार दिवस झाड स्वच्छ दिसतं आणि पंधरवडा उलटायच्या आत कापूस पुन्हा हजर होतो.

औषधाने कीड मेली होती, तर ती परत आली कुठून? हे कोडं बाग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी पडतं. त्याच्याच बाजूला दुसरं एक कोडं असतं, ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. जिथे हा कापूस असतो, तिथे खोडावरून वर-खाली करणारी मुंग्यांची रांग हमखास असते. मुंग्या झाड खात नाहीत आणि तो कापूसही खात नाहीत. मग त्या तिथे काय करतात? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिलं कोडं बरंचसं सुटतं.

कापसाखाली काय असतं?

हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर याच्या एकाहून अधिक जाती आढळतात. त्यातली इंग्रजीत जास्वंदीच्याच नावाने ओळखली जाणारी जात म्हणजे गुलाबी पिठ्या ढेकूण. तिचं शास्त्रीय नाव मॅकोनेलिकोकस हिर्सुटस. १९०८ साली भारतातल्या नमुन्यांवरूनच तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. अंगावरचं पांढरं पीठ बोटाने पुसलं की खालचं गुलाबी अंग दिसतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना ही कीड चांगलीच परिचयाची आहे. सीताफळ, पेरू, भेंडी, अंबाडी यांवरही ती येते.

पूर्ण वाढलेली मादी जेमतेम तीन मिलिमीटरची असते. तिला पंख नसतात आणि एकदा चांगली जागा मिळाली की ती फारशी हलत नाही. तिच्या त्वचेतल्या ग्रंथींमधून मेण पाझरतं. आपल्याला दिसणारं पीठ ते हेच. अंडी घालताना ती याच मेणाच्या तंतूंची पिशवी विणते आणि त्या पिशवीत दीडशेपासून सहाशेपर्यंत अंडी घालते. उन्हाळ्यात साधारण आठवडाभरात अंडी फुटतात. बाहेर येणारी पिल्लं इतकी लहान असतात की भिंगाशिवाय ती नीट दिसत नाहीत. पण किडीच्या सगळ्या आयुष्यात हीच पिल्लं सर्वांत जास्त हिंडतात. ती फांदीवरून फांदीवर चालत जातात, वाऱ्यावर उडून शेजारच्या कुंडीत पोहोचतात, आपल्या कपड्यांना चिकटूनही जातात. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचं चक्र उन्हाळ्यात महिनाभरात पुरं होतं.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. पानावर पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूणच असं नाही. भुरी नावाचा बुरशीजन्य रोगही पांढराच दिसतो. मात्र भुरी पानाच्या पृष्ठभागावर पातळ पसरलेली असते. तिला गाठी नसतात, चिकटपणा नसतो. पिठ्या ढेकूण शेंड्यात, पानाच्या देठापाशी, फांदीच्या बेचक्यात गाठींनी बसतो आणि आसपासची पानं हाताला चिकट लागतात. औषधाचा विचार करण्याआधी हा फरक पाहून घ्यावा. बुरशीचं औषध किडीवर चालत नाही आणि किडीचं औषध बुरशीवर.

प्यायचं भरपूर, ठेवायचं थोडं

पिठ्या ढेकणाला चावायला जबडा नसतो. त्याच्याकडे केसापेक्षाही बारीक सोंड असते. ती तो झाडाच्या रसवाहिनीत खुपसतो. पानात तयार झालेली साखर या वाहिन्यांमधून मुळांकडे, कळ्यांकडे आणि शेंड्यांकडे जात असते. वाहिनीतला रस दाबाखाली असल्यामुळे सोंड आत गेली की रस आपोआप वर चढतो.

पण या रसात एक अडचण आहे. त्यात साखर मुबलक असते, मात्र अंग वाढवायला लागणारी प्रथिनं बनवण्यासाठी जी अमिनो आम्लं हवीत, ती फारच थोडी असतात. पातळ वरणाच्या मोठ्या पातेल्यात डाळ चिमूटभरच असावी आणि कोणाला त्या डाळीवरच पोट भरायचं असावं, तर त्याला पातेल्यांमागून पातेली पिऊन पाणी टाकून द्यावं लागेल. पिठ्या ढेकूण नेमकं हेच करतो. तो रस अखंड पितो, हवं तेवढं ठेवून घेतो आणि उरलेलं साखरेचं पाणी शरीराच्या मागच्या बाजूने थेंबाथेंबाने सोडून देतो. खालच्या पानांवर, कुंडीच्या काठावर, गॅलरीच्या फरशीवर जो चिकटा जाणवतो, तो या थेंबांचा.

एवढं करूनही काही अमिनो आम्लं कमीच पडतात. ती पुरवण्यासाठी या किडीच्या शरीरात जिवाणू राहतात. लिंबूवर्गीय झाडांवरच्या एका पिठ्या ढेकणात तर शास्त्रज्ञांना एका जिवाणूच्या आत राहणारा दुसरा जिवाणू सापडला आहे. गरजेची काही अमिनो आम्लं तयार करण्याचं काम कीड आणि ते दोन्ही जिवाणू वाटून घेतात. इतक्या निकृष्ट आहारावर ही कीड एवढी फोफावते, त्यामागे ही भागीदारी आहे.

झाडाचं नुकसान दोन वाटांनी होतं. कळ्यांसाठी निघालेली साखर वाटेतच चोरीला जाते, हे एक. गुलाबी पिठ्या ढेकणाच्या लाळेतली द्रव्यं कोवळ्या ऊतींची वाढ बिघडवतात, हे दुसरं. शेंडा आखूड होऊन पानांचा गुच्छ बनतो तो या लाळेमुळे. असा वेडावाकडा झालेला शेंडा कीड गेल्यावरही सरळ होत नाही. तो कापूनच टाकावा लागतो.

मुंग्या कशासाठी येतात?

आता मुंग्यांच्या रांगेचा उलगडा होतो. त्या साखरेच्या थेंबांसाठी येतात. मुंग्यांच्या वसाहतीला रोज लागणाऱ्या ऊर्जेचा हा आयता, न संपणारा साठा असतो. आणि जिथून रोज अन्न मिळतं, त्या जागेचं रक्षण मुंग्या करतात.

हे रक्षण तीन प्रकारचं असतं. एक, पिठ्या ढेकूण खायला आलेल्या ढालकिड्यांना (यांनाच आपण लेडीबर्ड भुंगेरे म्हणतो), क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्यांना आणि परजीवी माश्यांना मुंग्या हुसकून लावतात. परजीवी माशी पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडं घालते. त्यासाठी तिला थोडी उसंत हवी असते, आणि मुंग्यांच्या गर्दीत तीच मिळत नाही. दोन, मुंग्या चिकटा उचलून नेत असल्यामुळे कीड स्वतःच्याच स्रावात बुडून किंवा बुरशी लागून मरत नाही. तीन, मुंग्यांच्या काही जाती पिल्लांना उचलून नव्या, कोवळ्या शेंड्यांवर नेऊन ठेवतात.

म्हणजे आपण फवारणी करून झाडावरची कीड मारतो, पण मुंग्यांची फौज शाबूत राहते. पिशवीतली अंडी फुटतात, शेजारच्या झाडावरून चार पिल्लं येतात आणि त्यांना जागेवर पहारा तयार मिळतो. पंधरा दिवसांत कापूस परत दिसण्याचं हे एक मोठं कारण आहे.

पानांवरची काजळी

मुंग्यांनी न उचललेला चिकटा पानांवर वाळतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हा प्रकार ‘कोळशी’ या नावाने ठाऊक आहे. तिथे चिकटा सोडणारी कीड काळी माशी असते. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही. ती फक्त वरच्या साखरेवर जगते. पण तिच्या थराखाली पानाला पुरेसा प्रकाश मिळत नाही आणि पानाचं अन्न तयार करण्याचं काम मंदावतं.

म्हणून काजळी दिसली की बुरशीनाशक फवारण्याची गरज नसते. पानं ओल्या फडक्याने पुसावीत आणि चिकटा सोडणाऱ्या किडीचा बंदोबस्त करावा. साखर थांबली की काजळी आपोआप थांबते.

फवारणी का फसते?

फवारणी फसण्याची कारणं किडीच्या शरीररचनेतच आहेत. मेणावर पाणी टिकत नाही. नुसत्या पाण्यात कालवलेलं औषध थेंब होऊन ओघळून जातं. शिवाय कीड बेचक्यांत आणि आकसलेल्या पानांच्या आत बसते. तिथे फवारा पोहोचत नाही. अंडी तर पिशवीत सुरक्षितच असतात. सर्वांत नाजूक अवस्था नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांची, कारण त्यांच्या अंगावर मेण जवळजवळ नसतंच. पण ती एकाच दिवशी सगळी बाहेर येत नाहीत. त्यामुळे एकदाच केलेली फवारणी, मग औषध कितीही जहाल असो, पुरी पडत नाही. तेच सौम्य द्रावण दर सात दिवसांनी तीन-चार वेळा फवारलं तर नव्याने फुटणारी प्रत्येक तुकडी त्याच्या तावडीत सापडते.

मेणाला उत्तर साबणात आहे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, ते थेंब न होता पसरतं, किडीच्या अंगावर टिकतं आणि मेणाचं संरक्षण खिळखिळं करतं. कीड शुष्क होऊन मरते. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन वेगळ्या पद्धतीने काम करतं: ते किडीची भूक कमी करतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. त्याचा परिणाम तासाभरात दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. ‘नीमने काही होत नाही’ असं म्हणणारे बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी झाड पाहून निराश झालेले असतात.

जहाल विषाचा आणखी एक तोटा आहे. पिठ्या ढेकूण मेणात आणि बेचक्यात लपलेला असतो, पण त्याला खाणारे कीटक उघड्यावर हिंडत असतात. विष त्यांना आधी लागतं. वाचलेली कीड मग शत्रू नसलेल्या झाडावर पूर्वीपेक्षा जोमाने वाढते. शिवाय जास्वंदीच्या फुलावर मध पिण्यासाठी मधमाश्या आणि शिंजीर पक्षी येतात, आणि ती फुलं आपण देवाला वाहतो, तेलात उकळतो, काही घरांत चहातही घालतो. अशा झाडाला मुळांतून शोषलं जाणारं आणि फुलांपर्यंत पोहोचणारं कीटकनाशक देऊ नये.

किडीला खाणारे किडे

मित्रकीटकांची ताकद किती असते याचे पुरावे सव्वाशेहून अधिक वर्षांपासूनचे आहेत. कॅलिफोर्नियात १८८०च्या दशकात पिठ्या ढेकणाच्याच नात्यातल्या एका खवले किडीने संत्र्याच्या बागा उजाड करत आणल्या होत्या. आल्बर्ट कोबेल या कीटकशास्त्रज्ञाने १८८८-८९मध्ये ऑस्ट्रेलियातून एक छोटा ढालकिडा पाठवला आणि थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. पुढे १९४०च्या दशकात तिथल्या बागांमध्ये डीडीटी फवारलं गेलं, तेव्हा ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली.

याच कोबेलने नंतर क्रिप्टोलेमस नावाचा दुसरा ऑस्ट्रेलियन ढालकिडा अमेरिकेत नेला. तो पिठ्या ढेकूण खातो. १८९८ साली तो भारतात आणला गेला, तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. त्या किडीवर त्याचा फार उपयोग झाला नाही, पण दक्षिण भारतात तो रुजला आणि पिठ्या ढेकणांवर कामी आला. आज प्रयोगशाळांत त्याची पैदास करून तो फळबागांमध्ये सोडला जातो.

अलीकडचं उदाहरण पपईचं. मूळ मेक्सिकोचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरजवळ प्रथम आढळला आणि पाहता पाहता पपई, तुती, टॅपिओका आणि जास्वंदीवरही पसरला. महाराष्ट्रात तो २०१०मध्ये पुण्याकडे दिसला. वारंवार फवारण्या करूनही तो आवरेना. अखेर त्याच वर्षी पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परजीवी माश्या बंगळुरूला आणल्या गेल्या आणि त्यांची पैदास करून शेतांत सोडल्या गेल्या. त्यांतली असेरोफॅगस पपाये ही चिमुकली माशी विशेष प्रभावी ठरली आणि कीड आटोक्यात आली.

आपल्या जास्वंदीवरही असे मित्र येतात, पण आपण त्यांना ओळखत नाही. क्रिप्टोलेमसची अळी अंगावर पांढरे मेणाचे झुपके घेऊन फिरते आणि पहिल्या नजरेला मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. अनेक जण तिलाच आधी चिरडतात. फरक सोपा आहे. ती सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लांब असते, तिचे झुपके लांब असतात आणि डिवचल्यावर ती भराभर चालू लागते. पिठ्या ढेकूण जागचा हलत नाही. तसंच, फुगून तपकिरी, टणक झालेला आणि बारीक भोक पडलेला पिठ्या ढेकूण दिसला तर तो काढू नये. त्याच्या पोटातून परजीवी माशी बाहेर पडली आहे आणि ती जवळपासच आहे, असा त्याचा अर्थ.

जास्त खत, जास्त कीड

काही झाडांवर कीड येते आणि थोडक्यात आटपते, काहींवर मुक्काम ठोकते. यात खताचा वाटा मोठा आहे. युरियासारखं नत्रयुक्त खत जास्त दिलं की झाड भराभर लुसलुशीत पालवी काढतं आणि रसातली अमिनो आम्लं वाढतात. किडीला ज्याची चणचण असते, तेच आपण तिला वाढून देतो. मग तिची पिल्लं लवकर वाढतात आणि मादी अंडीही जास्त घालते. फुलं कमी येतात म्हणून घाईने खत टाकणं हे अशा वेळी उलट काम करतं.

जास्वंदीला रोज पाच-सहा तास ऊन, निचरा होणारी माती, महिन्या-दीड महिन्यातून दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि छाटणी करून मोकळी हवा एवढं मिळालं तरी पुरतं. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत. फांद्या एकमेकांत अडकल्या की पिल्लांना आणि मुंग्यांना पूल मिळतो. अंगणात गाजर गवत वाढलं असेल तर तेही काढावं. पिठ्या ढेकणाच्या काही जाती त्याच्यावर तग धरतात आणि तिथून बागेत येतात.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

१. मुंग्यांची वाट तोडा. भिंतीला, ग्रिलला किंवा दुसऱ्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटा. खोडाभोवती कापडाची किंवा कागदी टेपची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस सालीवर थेट लावू नका. कुंडी स्टँडवर असेल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. त्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, म्हणजे डास होणार नाहीत.

२. वेडेवाकडे, कापसाने भरलेले शेंडे कापा. ते कंपोस्टमध्ये टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा, मग कचऱ्यात द्या.

३. सकाळी पाइपने पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूला आणि बेचक्यांत मारा. जोराच्या पावसात ही कीड कमी होते ती अशीच धुऊन जाऊन.

४. उरलेल्या गाठी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपा. हे काम गॅस आणि निरांजनापासून दूर करा.

५. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर नीम तेल आणि एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण घुसळून ऊन उतरल्यावर फवारा. कपड्यांची डिटर्जंट पावडर वापरू नका, तिने पानं करपतात. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस थांबा; पानं ठीक राहिली तर सगळ्या झाडावर फवारा. दर सात दिवसांनी तीन-चार वेळा हे करा. ढालकिडे किंवा त्यांच्या अळ्या दिसू लागल्या तर फवारणी थांबवा.

६. एवढं करूनही झाड मलूल दिसत असेल तर कुंडीतली माती बाजूला करून मुळं पाहा. पिठ्या ढेकणाच्या काही जाती मुळांवरही राहतात. तसं दिसलं तर माती बदला आणि मुळं धुऊन झाड नव्याने लावा.

७. रोपवाटिकेतून आणलेलं नवं झाड पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून वेगळं ठेवा.

चौकट : थोडक्यात

• पांढरा कापूस म्हणजे रस शोषणारा पिठ्या ढेकूण. पसरट पांढरी भुकटी म्हणजे भुरी. दोन्हींचे उपाय वेगळे.
• कीड साखरेचं पाणी सोडते, त्यासाठी मुंग्या येतात आणि किडीच्या शत्रूंना हुसकावतात.
• काळी काजळी हा वेगळा रोग नव्हे. ती चिकट्यावर वाढते, कीड गेली की जाते.
• मेणामुळे नुसतं पाणी टिकत नाही, म्हणून साबण लागतो. अंडी वाचतात, म्हणून फवारणी आठवड्याने पुन्हा करावी लागते.
• मोठी, चपळ, लांब झुपक्यांची पांढरी अळी मित्र आहे. तिला मारू नका.
• नत्रयुक्त खत हात राखून द्या.

पिठ्या ढेकूण बागेतून कायमचा नाहीसा होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. तो थोडा राहिला तरच त्याला खाणारे किडे टिकतात. झाडाला सोसेल इतपतच त्याचं प्रमाण ठेवणं, एवढंच काम आपलं. तेव्हा पुढच्या वेळी शेंड्यावर पांढरं दिसलं की औषधाची बाटली शोधण्याआधी खोडाकडे पाहा. मुंग्यांची रांग दिसली तर सुरुवात तिच्यापासून करा, आणि पुढचे तीन-चार आठवडे झाडाकडे नेमाने लक्ष द्या. विषाचा थेंबही न वापरता बहुतेक घरची जास्वंद पुन्हा फुलावर येते.